पांढऱ्या कडेची दोनशे वर्षे

30 डिसेंबर 1829. फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट नावाच्या 33 वर्षांच्या जर्मन डॉक्टरला त्या दिवशी नागासाकी सोडावे लागले. त्याच्यावर हेरगिरीचा आरोप होता आणि जपानमध्ये पुन्हा पाऊल ठेवायला मनाई. मागे ताकी ही त्याची सहचरी राहिली, अडीच वर्षांची मुलगी इने राहिली आणि त्याला मदत केल्याबद्दल तुरुंगात पडलेली माणसे राहिली. त्याच्या सामानात मात्र जपानी झाडाझुडपांची जिवंत रोपे होती. सावलीत वाढणारी, रुंद पानांची, पानाला पांढरी कड किंवा मधोमध पांढरा पट्टा असलेली ठोंबेही त्यांत होती. आज युरोप-अमेरिकेत सावलीच्या बागेचा विषय निघाला की पहिले नाव येते होस्टाचे. तिथल्या पांढऱ्या कडेच्या होस्टाची कुळकथा बरीचशी या सामानापासून सुरू होते.

महाराष्ट्रात होस्टा फारसा कुणी पाहिलेला नाही, कारण त्याला खरा हिवाळा लागतो. थंडी पडली की पाने पिवळी होऊन विरून जातात, ठोंब मातीखाली स्वस्थ पडून राहते आणि वसंतात गुंडाळलेल्या पानांचे टोकदार कोंब जमिनीतून वर येतात. ही विश्रांती मिळाली नाही, तर ठोंब वर्षागणिक खंगत जाते. त्याचे घर म्हणजे जपान, कोरिया आणि चीन. ओढ्याकाठी, ओलसर कपारीत, झाडीच्या कडेला तो आपोआप वाढतो. जपानी नाव गिबोशी. एका डोंगरी जातीचे कोवळे कोंब तिथे उरुई या नावाने रानभाजी म्हणून आजही खातात.

रानातला हा होस्टा हिरवा असतो. फुलतो, बी धरतो, बी पडते, रुजते. त्याला कुणाची गरज नाही. पांढऱ्या कडेच्या होस्टाची गोष्ट वेगळी. ती कड म्हणजे पानातला दोष आहे. त्या भागात हरितद्रव्य नाही, म्हणजे तेवढे पान स्वतःचे अन्न करत नाही. शिवाय हा दोष बियांतून जसाच्या तसा उतरत नाही. तो टिकवायचा तर कुणीतरी ठोंब उकरून, फोडून, तुकडा दुसरीकडे लावायला हवा, आणि त्याच्यामागून आणखी कुणीतरी. म्हणून या झाडाचा इतिहास जंगलात शोधून सापडत नाही. तो माणसांच्या हातांचा इतिहास आहे.

एदोचे शौकीन

पहिले हात जपानी होते. तोकुगावा शोगुनांच्या अमलात देशाला अडीचशे वर्षांची शांतता लाभली. राजधानी एदो, म्हणजे आजचे तोक्यो, दहा लाखांच्या घरात गेली. लढाया संपल्यामुळे सामुराईंना बांधीव उत्पन्न होते, पण काम बेताचे. व्यापाऱ्यांकडे पैसा होता, पण मिरवायला बंधने फार. या दोघांची हौस कुंड्यांत उतरली. फुलांचा शौक सगळ्यांनाच होता. जाणकारांचा जीव मात्र पानांवर. कुठल्याशा झुडपाच्या एकाच फांदीवर पांढरा पट्टा उमटावा, तो कुणाच्या तरी नजरेस पडावा, फांदी हलक्या हाताने वेगळी करून जगवावी, चांगल्या कुंडीत लावावी आणि मग चार दर्दी लोकांना बोलावून दाखवावी, अशी ती रीत होती. ओमोतो आणि ताचिबाना या कुंडीतल्या झाडांच्या निवडक वाणांसाठी एदोकरांनी अवाच्या सवा किमती मोजल्या.

या हौसेतून दोन ग्रंथ निघाले. 1827 मध्ये एदोच्या आओयामा भागातल्या किन्ता नावाच्या माळ्याने अशा विलक्षण झाडांचा तीन भागांचा सचित्र संग्रह छापला. झाडाच्या चित्राबरोबर कुंडी आणि झाड जोपासणाऱ्याचे नावही त्याने नोंदले. दोनच वर्षांनी, 1829 मध्ये, शोगुनच्या पदरी असलेल्या मिझुनो तादाआकी या सामुराईचा सात भागांचा ग्रंथ आला. त्यात सुमारे 1000 रंगीत कडांच्या आणि पट्ट्यांच्या वनस्पतींची चित्रे आहेत. नुसत्या पानावरच्या दोषाला वाहिलेले एवढे मोठे काम त्या काळी जगात दुसरीकडे नव्हते. झीबोल्ट जपानमध्ये होता ती वर्षे नेमकी हीच, 1823 ते 1829. त्याने गोळा केलेल्या वनस्पतींत रंगीत पानांचे इतके नमुने का, याचे उत्तर या दोन ग्रंथांत मिळते. रानातून जे मिळायचे त्याच्या जोडीला पिढ्यानुपिढ्या निवडून जपलेला बागांतला माल त्याच्यापुढे तयार होता.

देजिमाची फट

युरोपला त्या बागांकडे डोकावायला एकच फट होती. 1641 पासून जपानने युरोपीयांपैकी फक्त डचांना व्यापार करू दिला, आणि तोही नागासाकी बंदरात भर घालून बनवलेल्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या बेटावरून. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, तिचेच हे ठाणे. बेटावरून परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. वर्षाकाठी शोगुनला मुजरा करायला एदोपर्यंत जाण्याचा प्रवास, एवढीच काय ती मोकळीक.

1690 मध्ये, इकडे राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात वेढ्याला तोंड देत होते त्या सुमारास, एंगलबर्ट केम्फर हा जर्मन डॉक्टर देजिमावर उतरला. दोन वर्षांत त्याने एदोचा प्रवास दोनदा केला आणि वाटेत दिसलेली झाडे टिपून ठेवली. 1712 मध्ये लेमगो या जर्मन गावी त्याचा ग्रंथ छापला गेला. पाश्चात्त्य छापील पानांवर गिबोशीचा उल्लेख आला तो त्यात.

1775 मध्ये लिनियसचा शिष्य कार्ल पेटर थुनबर्ग आला. सुरुवातीचे बरेच दिवस त्याला बेटाबाहेर जाता येईना, तेव्हा बेटावरच्या गुरांसाठी बाहेरून येणाऱ्या चाऱ्याच्या भाऱ्यांत हात घालून तो वनस्पती वेचत असे. होस्टाला पहिली शास्त्रीय नावे त्याने दिली, पण ती दुसऱ्याच कुळांखाली. या झाडांसाठी ‘होस्टा’ हे स्वतंत्र कुळनाम 1812 मध्ये लेओपोल्ड ट्राटिनिक याने व्हिएन्नाचा वैद्य-वनस्पतीतज्ज्ञ निकोलाउस थोमास होस्ट याच्या सन्मानार्थ सुचवले. ते रुळायच्या आतच 1817 मध्ये ‘फुंकिया’ हे दुसरे नाव पुढे आले. पुढची शंभर वर्षे बागवान तेच वापरत राहिले. 1905 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेने निकाल होस्टाच्या बाजूने दिला.

केम्फर आणि थुनबर्ग यांनी नेली ती वर्णने आणि वाळवलेले नमुने. जिवंत होस्टा युरोपात पहिल्यांदा पोचला तो जपानमधून नव्हे, चीनच्या किनाऱ्यावरून. मकाव तेव्हा पोर्तुगीजांकडे होते आणि त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली चाले. तिथला फ्रेंच प्रतिनिधी शार्ल द गीन्य याने 1780 च्या दशकात पॅरिसच्या राजउद्यानाला होस्टाचे बी पाठवले. ही सुगंधी पांढऱ्या फुलांची चिनी जात होती, पाने स्वच्छ हिरवी. ती बियांच्या पुडीतून आली, कारण हिरव्या होस्टाला तसे येता येते. पांढऱ्या कडेच्या होस्टाला ती सोय नव्हती. त्याला यायचे तर जिवंत ठोंबाने, विषुववृत्त दोनदा ओलांडून, गोड्या पाण्याची चणचण असलेल्या जहाजावरून यावे लागणार होते.

झीबोल्टचे सामान

ते काम झीबोल्टने केले. देजिमावर 1823 च्या ऑगस्टमध्ये उतरलेल्या या डॉक्टरची डच भाषा जपानी दुभाष्यांना खटकली. हा ‘डोंगरी डच’ आहे, असे सांगून वेळ मारून नेण्यात आली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे त्याचे नाव लवकरच झाले. नागासाकीबाहेर नारुताकी इथे त्याने 1824 मध्ये शाळा काढली आणि देशभरातून तरुण वैद्य तिथे येऊ लागले. रुग्णांकडून पैसे घ्यायला मुभा नव्हती. मग लोक वस्तू देत, प्राणी देत, झाडे देत. देजिमावर त्याने वनस्पतींची बाग केली आणि तिथेच 1826 मध्ये केम्फर आणि थुनबर्ग यांच्या स्मरणार्थ एक शिळा उभी केली. ती आजही तिथे आहे.

त्याच वर्षी तो एदोला गेला. तिथे राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासु याच्याशी त्याची ओळख झाली. ताकाहाशीला रशियन दर्यावर्दी क्रुझेनश्टर्नचा प्रवासग्रंथ हवा होता. झीबोल्टला हवे होते जपानचे नकाशे. देवघेव झाली. परक्याला नकाशा देणे हा देहदंडाचा गुन्हा होता. 1828 मध्ये प्रकरण फुटले आणि धरपकड सुरू झाली. ताकाहाशी 1829 मध्ये तुरुंगातच मेला. त्याचे प्रेत मिठात घालून ठेवले आणि निकाल लागल्यावर त्या प्रेताचा शिरच्छेद केला. झीबोल्टला हद्दपार केले.

बटाव्हियामार्गे 1830 च्या उन्हाळ्यात तो युरोपात पोचला. वाटेत बरीच रोपे दगावली. वाचलेली गेंटच्या वनस्पती उद्यानात ठेवली आणि लगेचच बेल्जियमने नेदरलँड्सविरुद्ध बंड पुकारले. गेंट सरहद्दीपलीकडे गेले, आणि झीबोल्टची झाडे त्याच्याशिवायच स्थानिक रोपवाटिकांत वाढत, फुटत, विकली जात राहिली. पुढे लायडनला स्थिरावल्यावर त्याने जवळच्या लायडरडोर्पमध्ये स्वतःची रोपवाटिका काढली आणि किमतींच्या याद्या छापून जपानी झाडे विकायला सुरुवात केली. जपान आणि नेदरलँड्स यांच्यातल्या 1858 च्या तहानंतर त्याच्यावरची बंदी उठली. 1859 मध्ये तो पुन्हा जपानला गेला. ताकी भेटली, इनेही भेटली. इने तोवर पाश्चात्त्य वैद्यक शिकली होती. त्या मार्गावरची ती पहिली जपानी स्त्री. परतल्यावर 1863 च्या त्याच्या यादीत जपानी झाडांची नवी भर पडली. 1866 मध्ये म्युनिकमध्ये तो वारला. निळसर करड्या रंगाच्या, थाळीएवढ्या पानांच्या होस्टाला त्याचेच नाव मिळाले, होस्टा सीबोल्डियाना.

उलटी वंशावळ

रोपे पसरली तशी शास्त्रज्ञांपुढे अडचण उभी राहिली. हातात आलेले झाड रानचे की बागेतले, हे ओळखायचे कसे? 1833 मध्ये बर्लिनमध्ये एक होस्टा ‘उंडुलाटा’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून वर्णिला गेला: नागमोडी पान, मध्यभागी पांढरे. असे झाड जपानच्या कुठल्याही रानात नाही. 1838 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हूकरने पांढऱ्या कडेच्या एका होस्टाला ‘आल्बोमार्जिनाटा’ म्हणून मान्यता दिली. याचे हिरवे भाईबंद जपानच्या माळांवर आणि दलदलींत मुबलक आहेत. पण कागदावर आधी आले ते बागेतले कबरे रूप. त्यामुळे पुढे रानातल्या हिरव्या मूळपुरुषालाच त्याचा एक उपप्रकार म्हणून नोंदण्याची वेळ आली.

नावांचा घोळ अमेरिकेतही झाला. न्यूयॉर्कच्या एका रोपवाटिकेच्या घराण्यातला थॉमस हॉग 1862 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या नेमणुकीने मार्शल म्हणून जपानला गेला. तिथून तो भाऊ जेम्स याला झाडे पाठवत राहिला. त्यांतला पांढऱ्या कडेचा एक होस्टा अमेरिकी बागांत ‘थॉमस हॉग’ नावानेच फिरला. 1930 मध्ये लिबर्टी हाइड बेली यांनी त्याला ‘डेकोराटा’ हे शास्त्रीय नाव दिले. युरोपात मात्र ‘थॉमस हॉग’ ही चिठ्ठी उंडुलाटाच्या पांढऱ्या कडेच्या रूपावर जाऊन बसली. अटलांटिकच्या दोन काठांवर एकाच नावाने दोन झाडे विकली जात होती.

गुलबक्षी आणि यासुई कोनो

पांढरी कड बियांतून का उतरत नाही, याचा उलगडा 1909 मध्ये सुरू झाला. कार्ल कोरेन्सने त्यासाठी आपल्याकडे अंगणात दिसते तीच गुलबक्षी घेतली होती. कबऱ्या गुलबक्षीच्या एकाच झाडावर हिरव्या, पांढऱ्या आणि मिश्र फांद्या असतात. हिरव्या फांदीवरच्या फुलाचे बी हिरवी रोपे देते, पांढऱ्या फांदीचे बी पांढरी, आणि ती उपाशी मरतात. पराग कुठूनही आणा, फरक पडत नाही. बाप गौण, आईची फांदी निर्णायक. हा वारसा मेंडेलच्या नियमांत बसत नव्हता. त्याच वर्षी एर्विन बाउरने पेलार्गोनियमवर दाखवले, की पांढऱ्या कडेचे पान म्हणजे दोन वेगळ्या पेशीकुळांची एकावर एक रचना असते. कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात. त्यांतल्या एका थराची हरितकणिका बिघडलेली असेल, तर त्या थरातून होणारा पानाचा भाग पांढरा येतो. कुठला थर बिघडला त्यावर पांढरी कड की पांढरा मध्य, हे ठरते.

होस्टावर हे काम केले यासुई कोनो यांनी. 1880 मध्ये जन्मलेल्या या जपानी वनस्पतीशास्त्रज्ञ बाई. परदेशी शिकायला जाताना सरकारी मंजुरीसाठी त्यांच्या अभ्यासविषयात ‘गृहशास्त्र’ही घालावे लागले. 1927 मध्ये त्या विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या जपानी स्त्री ठरल्या. 1929 मध्ये त्यांनी पांढऱ्या कडेच्या होस्टातला हा दोष आईकडूनच उतरतो, हे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. कडेच्या पांढऱ्या थराचा बीजाशी संबंध आला तर रोप पांढरे निघून मरते. हिरव्या थराचा आला तर निव्वळ हिरवे. कडेचे पान हवे तर दोन्ही थर एकत्र जपायला हवेत, आणि ते फक्त ठोंब फोडूनच साधते. एदोच्या माळ्यांना जे हाताने ठाऊक होते, त्याचे कारण शंभर वर्षांनी कागदावर आले.

बागेतली सगळी खबरदारीही यातूनच निघते. पांढऱ्या भागाला कडक ऊन सोसत नाही, तो करपतो. म्हणून सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली. पण गडद सावलीतही भागत नाही, कारण अर्धे पानच काम करत असते. माती भुसभुशीत, ओल धरणारी, पानांच्या खताची. ठोंबातून एखादा निव्वळ हिरवा कोंब निघाला, तर तो मुळासकट काढायचा. हिरवा भाऊ जोमाने वाढतो आणि काही वर्षांत कबऱ्याला गिळून टाकतो. गोगलगायी तर पाचवीला पुजलेल्या.

ओळीतले एक रोप

1936 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विंचेस्टर गावात राहणाऱ्या फ्रान्सिस विल्यम्स या उद्यानरचनाकार बाई कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल नर्सरीजमध्ये गेल्या होत्या. सीबोल्डियानाच्या निळसर रोपांची ओळच्या ओळ होती. त्यांतल्या एकाच रोपाच्या पानाला पिवळसर कड होती. त्यांनी ते घेतले, वाढवले, फोडले, वाटले. एक तुकडा इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉर्ज रॉबिन्सन यांच्याकडे गेला. 1963 मध्ये त्यांनी त्या वाणाला बाईंचेच नाव दिले. ‘फ्रान्सिस विल्यम्स’ हा पुढे विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला होस्टा ठरला. त्याच्या कडा वसंतात करपतात, हे सगळ्यांना माहीत असूनही.

त्याचा काळही अनुकूल होता. महायुद्धानंतर उपनगरे वाढली, अंगणातली झाडे मोठी झाली, त्यांच्या सावलीत गवत टिकेना. होस्टाला जागा मिळाली. 1954 मध्ये स्वीडनच्या निल्स हिलांडर यांनी तिथल्या बागांतल्या होस्टांचा अभ्यास करून नावांचा गुंता बराच सोडवला. 1968 मध्ये अमेरिकन होस्टा सोसायटी स्थापन झाली. पाठोपाठ मिनेसोटात वाणांची आंतरराष्ट्रीय नोंद सुरू झाली. 1991 मध्ये जॉर्ज श्मिड यांचा होस्टाकुळावरचा मोठा ग्रंथ आला आणि उंडुलाटासारखी जुनी ‘जात’ बागेतला वाण म्हणून खाली उतरली. दीडशे वर्षे शास्त्राने जिला निसर्गाची निर्मिती मानले, ती माणसाने जपलेली निघाली.

1980 च्या दशकात ऊतीसंवर्धन आले आणि ठोंब फोडणारे हात प्रयोगशाळेत गेले. एका कोंबापासून हजारो रोपे. या घाईत पेशींचे थर वारंवार विस्कटतात, त्यामुळे नवे पट्टे आणि नव्या कडाही भराभर निघू लागल्या. ‘हॅल्सियन’ या निळ्या होस्टातून निघालेला, मध्यभागी पिवळा असलेला ‘जून’ त्यांतलाच. कधीकाळी एका माळ्याला आयुष्यात एकदा दिसणारा चमत्कार आता बाटल्यांच्या मांडणीवर दर हंगामाला दिसू लागला.

नव्याची ही हाव एकदा अंगाशी आली. पानावर शाईसारखे पसरणारे ठिपके आणि शिरांलगतचे वेडेवाकडे डाग असलेले काही होस्टा बाजारात नवे वाण म्हणून आले. ‘ब्रेकआउट’, ‘लेपर्ड फ्रॉग’ अशी त्यांना नावेही मिळाली. 1996 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या बेन लॉकहार्ट यांनी होस्टाचा एक नवा विषाणू ओळखला: होस्टा व्हायरस एक्स. ते डाग म्हणजे वाण नव्हते, रोग होता. त्याला उपाय नाही. झाड उपटून फेकणे एवढेच हाती राहते. तो पसरतो रसातून, म्हणजे ठोंब फोडणाऱ्या सुरीवरून, फुलदांडे छाटणाऱ्या कात्रीवरून, माळ्याच्या बोटांवरून. दोनशे वर्षे पांढरी कड ज्या वाटेने पुढे आली, नेमकी तीच वाट या विषाणूनेही धरली.

आता जाणते बागवान एका ठोंबावरून दुसऱ्याकडे जाताना सुरी निर्जंतुक करतात आणि नवे रोप काही काळ वेगळे ठेवतात. एवढे केले की उंडुलाटाचा तुकडा निर्धास्त शेजाऱ्याला देता येतो. तो तुकडा झीबोल्टच्या काळातल्या झाडाचा वंशज नसतो. मधे बी आलेलेच नाही, पिढी बदललेलीच नाही. तेच झाड फुटत फुटत आजवर आले आहे.